पारडं रिकामं करून झोपा

रविवारी अकराच्या सुमाराला आमच्या दुकानासमोर पुण्याच्या नंबरच्या गाड्या लागतात. कास बघून, कंदी पेढ्यांचे पुडे घेऊन परतणारी मंडळी असतात. त्यातलं एखादं तिशी-पस्तिशीचं पोर पायरी चढून आत येतं, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतं, आणि कोणी ऐकत नाही ना हे बघून हळूच म्हणतं, "काका, स्ट्रेसवर काहीतरी द्या ना. नॅचरल पाहिजे."

साताऱ्यात काष्ठौषधींच्या गल्ल्यावर बसून मला पन्नास वर्षं झाली. वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक यायचं ते बाळगुटीच्या सामानाला, बाळंतकाढ्याला, दिवाळीच्या उटण्याला, फार तर सुंठ-वावडिंगाला. 'ताण' हे नाव घेऊन कोणी येत नसे. झोप लागत नाही, डोकं भणभणतं, जीव घाबरा होतो, असं म्हणायचे. दुखणं तेच, नाव नवीन.

मी लगेच डबा उघडत नाही. चार प्रश्न विचारतो. रात्री अंथरुणाला पाठ किती वाजता लागते? दिवसातला शेवटचा चहा किती वाजता? बीपी शेवटचं कधी मोजलं? आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत? पहिल्या दोन प्रश्नांना लोक ओशाळं हसतात. तिसऱ्याला गप्प होतात. चौथ्याला "तशा काही नाहीत" म्हणतात, आणि मागून बायको सांगते, "अहो, थायरॉइडची आहे ना!" ही "तशा काही नाहीत"वाली मंडळी मला सगळ्यात जास्त घाबरवतात. का ते पुढे सांगतो.

आमच्या दुकानात वडिलांची पितळी तागडी होती. दुकान बंद करताना त्यांचा एक नियम मोडायची कुणाची हिंमत नव्हती. दोन्ही पारडी रिकामी करून, पुसून, मगच फळ्या लावायच्या. एकदा घाईत मी पाच किलोचं वजन पारड्यात तसंच ठेवून घरी गेलो. सकाळी वडील म्हणाले, "दिवसभर मणभर तोललंस तरी हिला काही होत नाही. रात्रभर ओझं लटकलं की काटा मरतो." तेव्हा मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. चाळिशीत माझाच काटा मेला तेव्हा कळलं.

ताण वाईट म्हणून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ताण आल्याशिवाय दुकान चालत नाही, पोरांची शिक्षणं होत नाहीत. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं जे रसायन ताणाबरोबर चढतं, तेच पहाटे चढून आपल्याला उठवतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. त्यानं खाली उतरावं म्हणून संध्याकाळ असते. आपण ती संध्याकाळच मोडीत काढली आणि आता तिच्या जागी पुडी मागतो. म्हणून पुडीआधी संध्याकाळ दुरुस्त करू.

माझं सगळ्यात जुनं औषध म्हणजे रोजमेळ. दुकानाचा नव्हे, डोक्याचा. रात्री जेवणानंतर एका साध्या वहीत उद्याची कामं लिहायची: कुणाला फोन, कुणाचं देणं, कुठली सही. सोडवायचं काही नाही, नुसतं उतरवायचं. हिशेब लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, दिवस जुळला नाही तरी वही मिटते, शिल्लक पुढच्या पानावर ओढली जाते. जे कागदावर गेलं ते रात्री दोन वाजता उठवायला येत नाही. निदान कमी वेळा येतं. वही मिटली की फोन दुसऱ्या खोलीत. घड्याळाचा गजर फोनमध्ये आहे म्हणाल, तर पूर्वी चावीचं घड्याळ लागायचं ते अजूनही बाजारात मिळतं.

चहाचं एकदाच सांगतो, कारण चहा तोडणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. चहा-कॉफीतलं कॅफीन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा कप रात्री अकराला अजून तुमच्या रक्तात फिरतोय असं समजा. दुपारी तीन-साडेतीनचा चहा शेवटचा करा. त्यानंतर कुणी आलं-गेलं तर गवती चहा, आलं, तुळशीची चार पानं पाण्यात उकळून घ्या, चहाची पूड न टाकता. गवती चहानं ताण जातो असा माझा दावा नाही. त्यानं हातात कप राहतो आणि झोप मोडत नाही, एवढं पुरे.

सकाळी चाला. साताऱ्यात अर्धं गाव अजिंक्यतारा चढतं, तुमच्याकडे डोंगर नसेल तर कॉलनीचे फेरे मारा. अंगावर सकाळचं ऊन पडलं की रात्रीची झोपही वेळेवर येते. आमच्याच जिल्ह्यातल्या औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार घराघरांत पोचवले. बारा घातले तरी चालतील. यावर जास्त बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही.

श्वासाबद्दल मात्र बोलायचं आहे. माझी आई तिन्हीसांजेला दिवा लावून रामरक्षा म्हणायची. तिची घाई नसे. एकेक चरण सावकाश, आणि चरणाच्या शेवटी श्वास संपेपर्यंत आवाज लांबायचा. दिवसभर सासुरवास, सात माणसांचा स्वयंपाक, वडिलांचा तापट स्वभाव, आणि त्या दहा मिनिटांत बाईचा चेहरा उतरत्या उन्हासारखा निवायचा. आम्ही ती भक्ती समजत होतो. असेलही. पण 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग आला होता. 23 निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळ आणि एकदा 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी हृदयाची यंत्रणा जास्त चांगली चालली. एरवी आपला श्वास मिनिटाला बारा ते अठरा वेळा चालतो. म्हणजे आईचा देव तिला फुप्फुसाच्या वाटेनंही भेटत होता.

देवाचं नको असेल तर भ्रामरी करा. ताठ बसा, नाकानं श्वास घ्या, आणि सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, सगळी मख्खी तिथं आहे. दम कोंडून ठेवायचा नाही, विशेषतः बीपी असेल तर. दहा आवर्तनं पुरेत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं ते याच गोष्टी यंत्रं लावून मोजायला. शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखात ते काम सुरू झालं, आणि आपण आज परदेशी ॲप उघडून श्वास मोजतो.

आणि काशाची वाटी. ही तुमच्या आजीच्या माळ्यावर पडलेली असणार, शोधा. रात्री पाय धुऊन, तळव्याला चमचाभर साजूक तूप किंवा तिळाचं तेल लावून, वाटीच्या बुडानं गोल गोल घासायचं. एका पायाला पाच-सात मिनिटं. थोड्या वेळानं तळवा काळा होतो आणि घरातली बाई म्हणते, "बघा किती उष्णता निघाली!" आमची हीसुद्धा म्हणते. मी एकदा पाट्यावर तूप लावून तीच वाटी घासली. पाटाही काळा झाला. पाट्याला कसली आलीय उष्णता? काशात तांबं आणि कथील असतं, ते घासून तुपात उतरतं. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण उष्णता निघो न निघो, झोप येते हे मी पन्नास वर्षं पाहतोय. कुणीतरी आपले पाय हातात घेतलेत, एवढ्यावरच निम्मं काम होत असावं. मधुमेहानं तळवे बधिर असतील तर मात्र वाटी जपून, सोलवटलेलं कळत नाही.

आता बरण्यांकडे वळतो.

सगळ्यांना हवी असते ती अश्वगंधा. आम्ही जुने लोक तिला आसंध म्हणतो. माल मुख्यतः मध्य प्रदेशातून, नीमच-मंदसौरकडून येतो. घेताना चूर्ण घेऊ नका, मुळी घ्या. मुळी मोडली की टचकन मोडली पाहिजे, आत पांढरी पिठूळ दिसली पाहिजे, आणि ताज्या मुळीला घोड्याच्या अंगाचा दर्प येतो. नाव त्यावरूनच पडलं. वाकणारी, काळपट, किड्यानं पोखरलेली मुळी परत करा. घरी कुटून वस्त्रगाळ करा. रात्री अर्धा चहाचा चमचा कोमट दुधातून घ्या. दूध पचत नसेल तर पाण्यातून. चार दिवसांत काही कळत नाही. सहा ते आठ आठवडे घ्यायची आणि मग थांबून बघायचं. वर्षानुवर्षं चालू ठेवायची ही वस्तू नाही. पानांच्या पावडरी विकायला आल्यात, त्यांच्या वाटेला जाऊ नका, परंपरा मुळीची आहे.

ती चालते का? 2012 साली आपल्याकडे 64 जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आसंधाच्या मुळीचा अर्क 300 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. साठ दिवसांनी अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल दोन्ही जास्त उतरलं. नंतरही असे छोटे प्रयोग होत आलेत. माझं मत असं, की तिचा उपयोग होतो, पण बेताचा, आणि रात्री एकपर्यंत जागणाऱ्याला अजिबात होत नाही. दुसरी बाजूही सांगायलाच हवी. आसंध घेणाऱ्या काही जणांचं यकृत बिघडल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत, आणि डेन्मार्कनं 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळसर वाटले, की त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठायचा. गरोदर बाईला मी देत नाही, तिनं कितीही आग्रह केला तरी. थायरॉइडची गोळी, झोपेची गोळी, साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असणाऱ्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय देत नाही. आसंधानं थायरॉइडची पातळी वर जाऊ शकते, आणि झोपेच्या गोळीवर आणखी गुंगी चढते. आता त्या चौथ्या प्रश्नाचं कारण कळलं असेल.

ब्राह्मी मागाल तर मी विचारीन, कुठली? आपल्याकडे दोन वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. एक बारीक, मांसल पानांची, पाणथळ जागी पसरणारी जलब्राह्मी. दुसरी गोल, मूत्रपिंडासारख्या पानांची मंडूकपर्णी, जी कोकणात आणि इकडे घरोघरी कुंडीत 'ब्राह्मी' म्हणूनच लावलेली असते. दोन्ही औषधी, पण एक नव्हेत. विस्मरणासाठी प्रयोग झालेत ते बहुतेक जलब्राह्मीचे, तेही बारा आठवड्यांचे. रिकाम्या पोटी घेतली तर पोट ढवळतं. शंखपुष्पीचं गौडबंगाल याहून मोठं आहे. एकाच नावाखाली आमच्याकडे एक येते, केरळात गोकर्णाला शंखपुष्पी म्हणतात. बाटलीवरच्या फुलाच्या चित्रावर जाऊ नका. जटामांसी मी विकणं बंद केलं. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवणारं ते रोपटं माणसानं उपटून उपटून संपत आणलंय. माझ्या गिऱ्हाइकाच्या झोपेसाठी ते मुळासकट जावं, हे मला पटत नाही.

घरातल्या घरात करायचं तर जायफळ. सहाणेवर दुधात चार-पाच वेढे, कोमट कपभर दुधात घालून झोपण्याआधी घ्या. पुरणपोळीनंतर दुपारी घर का घोरतं, त्यातला थोडा वाटा जायफळाचा. पण वेढे म्हणजे वेढे. "नॅचरल आहे" म्हणून अख्खं जायफळ खाल्लेल्याची छाती धडधडते, भ्रम होतो, दवाखान्यात न्यावं लागतं. खसखशीची खीर हाही जुना उपाय आहे. एक आगंतुक सूचना: पोरगं दुबईला असेल तर खसखस पार्सलात घालू नका. तिथं तिला बंदी आहे, आणि ताण घालवायला गेलेली पुडी तुरुंगाचा ताण घेऊन येईल.

आता जे सांगतो ते मी दुकानात सहसा सांगत नाही.

1993 मध्ये घर बांधायला काढलं. कर्ज, त्यात मुलीचं लग्न ठरलेलं. रात्री दोनला जाग यायची आणि मी छताकडे बघत व्याज मोजायचो. बीपी वाढलं. डॉक्टरकडे जायची लाज वाटली. काष्ठौषधीवाल्यानं डॉक्टरकडे जायचं म्हणजे हलवायानं साखर उसनी आणण्यासारखं. दुकानात सर्पगंधेची मुळी होती. तिची कीर्ती मला पाठ होती. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब आणि वेडावर चालते असं लिहिलं. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी तिचे रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग केले, 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, आणि साऱ्या जगानं मान डोलावली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. अशी आपली मुळी! रोज सकाळ-संध्याकाळ चिमूट घ्यायला लागलो. मोजली नाही. आयुष्यभर दुसऱ्याला मासा-गुंज मोजून दिली, स्वतःला चिमटीनं.

बीपी उतरलं, झोप यायला लागली. महिन्याभरात नाक चोंदलं, ते हटेना. मग दुकानात बसवेना. नंतर नंतर गिऱ्हाइकाशी बोलायचाही कंटाळा. एका संध्याकाळी बरण्या पुसता पुसता कारण नसताना रडलो. ही म्हणाली, कर्जाचं घेतलंय मनाला. मलाही तसंच वाटलं. पाचव्या महिन्यात तिनं ओढून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "नाक चोंदलंय का तुमचं? आणि दुकानातलं काय खाता?" रेसर्पिनवर असणाऱ्यांचं नाक चोंदतं, आणि त्यातल्या काहींचं मन असं काळोखात जातं, हे त्यांना ठाऊक होतं. मला वकिलांचा पुरस्कार ठाऊक होता, हे नव्हतं. मुळी बंद केली, बीपीला त्यांनी गोळी दिली, मनासाठीही काही महिने उपचार घेतले. माणसात यायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून सर्पगंधा दुकानात नाही, आणि जे खरंच काम करतं ते बिघडवूही शकतं हे ऐकवल्याशिवाय मी कुणाला पुडी बांधत नाही. भस्मं आणि धातूच्या गोळ्या तर वैद्याच्या चिठ्ठीशिवाय मागूच नका.

कधी कधी समोरचं माणूस बोलतं आणि कळतं, इथं पुडीचं काम नाही. नवरा हात उगारतो. साहेब रात्री बाराला फोन करतो. सावकार दारात बसलाय. तिथं आसंध देणं म्हणजे पारड्यातलं वजन न काढता काट्याला तेल लावणं. अशांना मी सांगतो, आधी वजन काढायची सोय बघ. वकील गाठ, बहिणीला सांग, नोकरी बदल. दोन आठवडे झोप उडालेली, जेवण नको वाटतं, जगणं नको वाटतं असं कुणी म्हणालं, की मी दुकानातला फोनच पुढे करतो. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो आणि मराठीत बोलता येतं. दोघांनी तो माझ्यासमोर लावलाय. एकजण अजून येतो, बाळगुटीचं सामान न्यायला.

दुकान सकाळी साडेनऊला उघडतं, दुपारी एक ते चार बंद असतं, तेव्हा मी डाव्या कुशीवर असतो. या, जरूर या. येताना चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी तेवढी घेऊन या. ती नसेल तर गवती चहा पाजीन, पुडी मिळणार नाही.